‘टाइट करून देल्लं’ म्हणणाऱ्या टायरवाल्यास खुले पत्र

टायरवाले भाऊ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. तो मी तुमच्या दुकानात काम करणाऱ्या पोराला लिहिते, कारण त्याने तुम्ही शिकवलं तेवढंच केलं. तुम्हाला आज नमस्कार नाही. तो कधी मिळेल, ते पत्राच्या शेवटी सांगते.

तुमचं नाव आणि पत्ता इथे देत नाही. तुम्हाला वाचवायचं आहे म्हणून नव्हे. एकट्या तुमचं नाव लिहिलं तर हवेच्या गनने बोल्ट आवळणारे नागपुरातले बाकीचे टायरवाले ‘तो मी नव्हेच’ म्हणून सुटतील. हे पत्र त्या सगळ्यांनी आपल्याच नावाने आलं असं समजून वाचावं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पोलोचे पुढचे दोन टायर बदलायला मी तुमच्याकडे आले. ही चाकणच्या कारखान्यात बनलेली गाडी. मारुती-ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत हबमधून स्टड बाहेर आलेले असतात आणि त्यांवर नट बसतात. हिच्यात तसं नाही. चाकातून सरळ हबमध्ये बोल्ट जातो, एका चाकाला पाच. त्यांतला एक लॉकबोल्ट. त्याच्या डोक्यावर फुलासारखी नक्षी असते आणि त्याच नक्षीची चावी घातल्याशिवाय तो फिरत नाही. अलॉय चाकं चोरून गाडी विटांवर ठेवून जाणाऱ्यांसाठी हे कुलूप. चोरासाठी लावलेलं कुलूप तुम्ही मालकिणीवर लावलंत.

तुमच्या पोराने चावी मागितली, मी दिली. त्याने ती हवेच्या गनच्या गोटीत, म्हणजे सॉकेटमध्ये, घातली आणि घोडा दाबला. खर्रर्र आवाज तीन सेकंद चालला, मग चौथं, पाचवं, सहावं सेकंद. बोल्ट केव्हाच थांबला होता, गन ठोकतच होती. मी म्हटलं, “भाऊ, लॉक तरी हाताने लाव.” पोराने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खुर्चीवरून न उठता म्हणालात, “मॅडम, तुम्हाले नाही समजत त्यातलं. टाइट करून देल्लं, आता पाच वर्षं पाहाचं काम नाही.”

पाच आठवडे झाले, आणि पाहावं लागलं.

मेच्या मध्यात आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं होतं. समृद्धी महामार्गाने शिवमडक्यावरून निघालो. येळाकेळीला उतरून वर्ध्याकडे वळायचं होतं, त्याआधीच डावं पुढचं चाक बसलं. खिळा लागला होता, त्यात तुमचा दोष नाही. पंक्चर कोणाचीही गाडी होते. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पंधरा-वीस मिनिटांचं काम. आईला रस्त्याच्या कडेला लोखंडी कठड्याच्या पलीकडे छत्री देऊन उभं केलं आणि मी पाना लावला.

साधा बोल्टसुद्धा हलेना. पान्यावर उभी राहिले, तेव्हा एकेक करून चार सुटले. मग लॉकबोल्टला चावी लावली. अर्धा फेराही झाला नाही आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. चावी काढून पाहिली तर नक्षीच्या पाच पाकळ्यांपैकी दोन गायब. उरलेल्या तिन्हींच्या कडा गोल आणि चकचकीत झालेल्या. ती चमक माझ्या एका झटक्याने आलेली नव्हती. तुमच्या गनने ठोकून ठोकून त्या आधीच अर्ध्या खाल्ल्या होत्या, मोडायच्या तेवढ्या माझ्या हातात मोडल्या.

नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांवर गेला होता. आमच्या दिवशी तेवढा नव्हता, पण सत्तर वर्षांच्या बाईला डांबराच्या कडेला दीड तास उभं करायला बेचाळीस-त्रेचाळीसही पुष्कळ होतात. शेजारून १२० च्या वेगाने गाड्या जात होत्या. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईकडचं शेवटचं तोंड उघडून रस्ता ७०१ किलोमीटरचा झाला. एवढ्या लांब, एवढ्या वेगाच्या रस्त्यावर आपल्या हाताने चाक बदलता येणं ही हौस नसते, जीव वाचवायची सोय असते. ती सोय तुम्ही सहा सेकंदांत काढून घेतलीत. आईची तपासणी चुकली. गाडी ट्रकच्या पाठीवर बसून नागपूरला परत आली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही बोल्टकडे वाकून पाहिलंत आणि म्हणालात, “गंज लागला असंन. गॅस मारतो, लाल झाला का निंघते. नाहीतर छिन्नी हाय.”

गंज? पाच आठवड्यांपूर्वी लावलेला बोल्ट, नागपूरच्या एप्रिल-मेची कोरडी हवा, मध्ये एक पावसाचा थेंब नाही. गंजावर आळ घेताना तुम्ही कॅलेंडरकडेही पाहिलं नाहीत. याला आपल्याकडे चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

आणि गॅस! ज्या चाकाला तुम्ही गॅस लावायला निघालात, ते लोखंडाचं नाही. अलॉय चाक म्हणजे ॲल्युमिनिअम, त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशिअम. साच्यात ओतल्यावर ते पाचशे अंशांच्या वर तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास मुरवतात. त्याची ताकद त्या मुरवण्यात असते. नंतर कोणी दोनशे अंशांच्या पुढे नेऊन ठेवलं की ती उतरू लागते. रंग तसाच, आकार तसाच, चाक मात्र कच्चं. ॲल्युमिनिअम ६६० अंशांवर वितळतं, पोलादाचा बोल्ट लखलखीत लाल व्हायला त्याहून जास्त लागतं. म्हणजे बोल्ट लाल व्हायची वाट पाहिली असती, तर भोवतीची बैठक आधी गेली असती.

हे नागपुरात सांगावं लागतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. देशाचं ॲल्युमिनिअम संशोधन केंद्र, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं, १९८९ पासून इथेच अमरावती रोडवर वाडीला आहे. अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पिढ्यान् पिढ्या कामगारांनी ॲल्युमिनिअम घडवलं. ज्या गावाला हा धातू घरचा, त्या गावात तुम्ही त्याला छिन्नी दाखवता.

मी गाडी तुमच्याकडे सोडली नाही. आमच्या वस्तीत एक काका आहेत, त्याच अंबाझरीच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे दुकान नाही, पाटी नाही, अंगणातलं एक कडुलिंबाचं झाड आहे. त्यांचं पहिलं वाक्य असं : “बेटा, घाई असंन तं दुसऱ्याजवळ जा. माह्या हातानं रिमले ओरखडा नाही पडाचा.” पुढे त्यांनी काय केलं ते तपशिलाने लिहिते. तुमच्या दुकानात हे कोणी शिकवलं नसेल, तर या पत्रातून शिका.

त्यांनी आधी विचारलं, “कोणता बोल्ट पयले सोडला?” मी म्हटलं, साधे चार आधी, लॉक शेवटी. त्यांनी मान हलवली. चार सैल झाले की चाकाचा सगळा ताण पाचव्यावर येतो. लॉक नेहमी आधी सोडायचा आणि शेवटी लावायचा. हे मला माहीत नव्हतं, ती चूक माझी. ट्रकवर चढवण्याआधी ते चार मी अंदाजाने आवळले होते. काकांनी जॅक न लावता, चाक जमिनीवर ठेवून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून ते चारही टॉर्क पान्याने मापात आवळले.

टॉर्क पाना, भाऊ. दांड्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की तो हाताला ‘टक’ करून सांगतो. माझ्या गाडीचा आकडा १२० न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तकात छापलेला. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलोचा भार. गव्हाचं अर्धं पोतं. अर्ध्या इंची हवेची गन ५०० न्यूटन मीटरच्या पुढे सहज जाते. ‘टाइट’ आणि ‘बरोबर’ यांतलं अंतर एवढं आहे.

मग काकांनी जुन्या टूथब्रशने बोल्टच्या डोक्यातली माती काढली. मी तेलाचा स्प्रे पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, गंज असता तर मागच्या बाजूने तेल सोडून रात्रभर ठेवलं असतं. हा दाबाने बसलाय, तेलाने भागणार नाही आणि उडालेलं तेल ब्रेकच्या डिस्कवर गेलं तर वेगळी आफत. आधी दुखणं ओळखायचं, मग औषध द्यायचं. तुम्ही न बघताच गंज म्हणालात.

चावी मोडलेली होती, तेव्हा उरला उलट्या पिळाच्या गोटीचा मार्ग. या गोटीच्या आत डावीकडे वळणाऱ्या धारा असतात. बोल्टच्या डोक्यावर ठोकून बसवली आणि सोडायच्या दिशेने ओढली की जितका जोर लावाल तितकी ती जास्त घट्ट चावते. लोहा ओळीच्या बाजारात जाऊन मी दोन मापांच्या आणल्या.

खरी कसोटी पुढे होती. बोल्टचं डोकं चाकाच्या खोल खोबणीत असतं आणि गोटी नि खोबणीची भिंत यांच्यामध्ये करंगळीसुद्धा जात नाही. हातोडीचा एक घाव तिरपा गेला की चाकाला दात पडला. काकांनी व्हर्निअरने खोबण मोजली, कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक पट्टीसारखं कापलं आणि गुंडाळी करून खोबणीत आत सरकवलं, पाटल्यांच्या आत रुमाल ठेवावा तसं. भोवती मास्किंग टेपचे तीन थर. मग गोटी बसवून हातोडीचे घाव सरळ, बोल्टच्या अक्षात. मी मोजले, चौदा. आवाज ‘ठक्’ वरून ‘टण्’ वर आला तेव्हा ते थांबले. म्हणाले, “बसली आता. आवाजच सांगते.”

लांब दांड्याचा पाना लावला की तो स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, गोटी तिरपी होते आणि निसटते. म्हणून त्यांनी एक्स्टेन्शनच्या खाली लोखंडी घोडी ठेवून त्याला आधार दिला. पहिल्या ओढीत मोठ्या मापाची गोटी घसरली. त्यांनी तिथेच हात थांबवला. संध्याकाळ झाली होती. “थकल्या हातानं पाना वढाचा नाही,” एवढं म्हणून ते हात धुवायला गेले.

सकाळी साडेपाचला लहान मापाची गोटी ठोकली. दांड्यावर दोन्ही हात, पाय रोवलेले, झटका नाही. एकसारखी, हळू वाढत जाणारी ओढ. मग एवढ्या मोठ्याने ‘टक्क’ झालं की माझ्या छातीत धस्स झालं, बोल्ट तुटलाच. तुटला नव्हता. सुटला होता. पुढचे आटे काकांनी हाताने फिरवले. टेप काढली, प्लास्टिक काढलं. खोबणीच्या काळ्या रंगावर एक केसाएवढी रेघ नव्हती.

गोटीनेही सुटला नसता तर? तेही मी विचारून घेतलं. तर बोल्टच्या मधोमध पंच मारून कोबाल्टच्या ड्रिलने, शक्य तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने, सावकाश भोक पाडत डोकं वेगळं करायचं. डोकं गेलं की ताण जातो, चाक निघतं आणि मागे उरलेला दांडा बहुतेक वेळा पकडीने फिरतो. डोक्यावर नट वेल्ड करायचा उपाय अगदी शेवटचा, कारण ती उष्णता थेट ॲल्युमिनिअमला जाते. छिन्नी या यादीत कुठेच नाही.

आता पुरावा. काकांनी बोल्ट पुसला आणि आट्यांवर गेजची पत्ती ठेवली. माझ्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर असायला हवं. टोकाकडच्या आट्यांत पत्ती नीट बसली. मानेजवळच्या दोन आट्यांत बसेना, उजेड दिसू लागला. बोल्ट लांबला होता, भाऊ. बोल्ट आवळताना तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक धरून ठेवतो. पान्याने लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दहाच टक्के खरी पकड होते. मर्यादेपलीकडे ताणलात की स्प्रिंग मरते. मग बोल्ट दिसायला घट्ट, आतून थकलेला. ज्याला तुम्ही पाच वर्षांची मजबुती म्हणालात, ती पाच आठवड्यांत मेली होती. अति तेथे माती, ही म्हण शेतासाठी केली असेल, पण ती आट्यांनाही लागू आहे.

उजव्या पुढच्या चाकाचा लॉकही तुमच्या गनचाच. त्याचं डोकं वाचलं होतं. चावीच्या कडेला कोरलेल्या नंबरावरून नवी चावी मागवली, ती चार दिवसांत आली. शेजारचे चार बोल्ट मापात आवळलेले, चावी हातोडीच्या मुठीने हलकेच ठोकून पूर्ण बसवलेली, गोटी तळव्याने दाबून धरलेली. एका ओढीत सुटला. तसाच बोल्ट, तीच गन, फरक फक्त सोडण्याच्या रीतीचा. सगळेच बोल्ट बदलायचे ठरल्यावर मागचं एक चाक बोल्ट काढूनही हबला चिकटून बसलं. दोन पावसाळे ते उघडलंच नव्हतं, आणि पोलादाचा हब नि ॲल्युमिनिअमचं चाक ओलाव्यात एकमेकांना धरतात. काकांनी बोल्ट परत लावून दोन-दोन फेरे सैल ठेवले आणि गाडी अंगणातल्या अंगणात हातभर पुढे-मागे केली. चाक सुटलं. लाथ नाही, हातोडा नाही.

तुम्ही म्हणाल, सैल चाक निघून जीव जातो, म्हणून आम्ही घट्ट करतो. सैल चाक जीवघेणं असतं, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच मोजायचं. गनने कोणता बोल्ट किती आवळला हे तुम्हालाही सांगता येत नाही. एक तीनशेवर, दुसरा दोनशेवर, तिसरा तिरपा जाऊन अडकलेला. त्यामुळे चाकाची बैठक एकसारखी दबत नाही, ब्रेकची डिस्क वाकडी होऊ शकते आणि ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं. ताकद तुमच्या कंप्रेसरमध्ये आहे. कसब माणसाच्या हातात असतं. ताकदीला कसब म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि मी तिला फसवणूकच म्हणणार.

त्या पोराला उद्यापासून एवढं शिकवा. अठरा-एकोणीस वर्षांचा आहे, हात चांगला आहे, तुमच्या दुकानात त्याला फक्त घोडा दाबायला मिळतो. प्रत्येक बोल्टचे पहिले चार-पाच आटे बोटांनी फिरवायचे. मग समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने, हातपान्याने. गाडी खाली उतरवायची. टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत त्या गाडीच्या आकड्यापर्यंत आणायचं. लॉक शेवटी, आणि त्याला गन कधीच लावायची नाही. आट्यांना तेल-ग्रीस फासायचं नाही, घर्षण कमी झालं की त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो. गिऱ्हाइकाला सांगायचं, शंभर किलोमीटर झाले की परत दाखवून जा. चांगला टॉर्क पाना पाच हजारांच्या आत मिळतो. माझं तुमच्याकडचं बिल त्याहून जास्त होतं.

वाचकांनाही तीन गोष्टी सांगते. आज गाडीची डिकी उघडून लॉकची चावी कुठे आहे ते पाहा आणि तिच्यावरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. टायर बदलून घरी आलात की आपल्याच पान्याने एक बोल्ट सोडून पाहा, आपल्या हाताने सुटत नसेल तर तिथूनच परत जा आणि मापात करून घ्या. टायरच्या दुकानात गन उचलली गेली की संकोच न करता म्हणा, “शेवटचा जोर हाताने.” ‘तुम्हाले नाही समजत’ असं कोणी म्हणालं, तर आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा समोर ठेवा.

आणि भाऊ, तो लांबलेला बोल्ट मी कागदात गुंडाळून तुमच्या गल्ल्यावर ठेवून आले आहे. तो फेकू नका, भिंतीवर टांगा. शेजारी प्रत्येक गाडीच्या आकड्यांचा तक्ता लावा आणि त्याखाली टॉर्क पाना. ज्या दिवशी त्या पोराच्या हातात तो पाना दिसेल, त्या दिवशी मी माझे मागचे दोन टायर तुमच्याकडेच बदलेन आणि आल्या आल्या नमस्कार करीन. तोवर माझं चाक त्या कडुलिंबाखालीच उघडेल.

तुमची एक गिऱ्हाईक,
नागपूर